अर्धी कळशी

वैनी, तुझ्या दहाव्याला कावळा थांबलासुद्धा नाही. तुझा झील, तुझा लेक, पिंड पानावर ठेवून अजून मागे सरतोय, तोवर जांभळीवरून एक उतरला आणि शिवून मोकळा झाला. सगळ्यांना बरं वाटलं. "सुटली गो बाय, तिचा काय एक मागे रवला नाय," अशी बायकांत कुजबुज झाली. मी ओढ्यावरच्या साकवावर उभी राहून बघत होते. मला मात्र तुझा राग आला. आमटीतल्या मिठापासून देवाच्या पालखीपर्यंत जन्मभर प्रत्येक गोष्टीवर वाद घातलास, आणि जाताना म्हणे हिचं काहीच राहिलं नाही!

राग यायला कारण तुझे दादा, म्हणजे आमचे हे. ते पिंडाच्या समोर उभे होते, सोवळ्यातल्या भटजींच्याही पुढे. ओठ हलत होते. माणूस इतक्या वर्षांनी काहीतरी बोलायचं ठरवून आला होता. कावळा अडेल, लोक म्हणतील कुणाच्या मनात काय असेल ते बोला, मग आपण बोलू, असा त्यांचा बेत असणार. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं काढली, मला पाठीवरून कळतं. पण तू त्यांना तोंड उघडायला जागाच ठेवली नाहीस. घरी येताना वाटेत ते एकच वाक्य बोलले. म्हणाले, "तिचा काय रवला नाय. माजाच रवला."

तेव्हापासून हे घर जड झालं आहे. म्हणून मी लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि माझी चार यत्तांची अक्षरं बघून तू म्हणायचीस, "हे काय गो, मुंग्ये सोडलंस कागदार?" तेच बरं. निदान आज तू मला मधेच तोडणार नाहीस.

आपली लग्नं साट्यालोट्याची. माझा भाऊ आबा तुला, तुझे दादा मला. त्यामुळे मी तुझी वैनी आणि तू माझी वैनी. दोघींनी एकमेकींना नावानं कधी हाकच मारली नाही. लग्नं लागली ती व्हाळाच्या मधल्या टप्प्यावरच्या देवळात. वरची वाडी माझी, सड्याच्या कडेला, जिथे व्हाळ जमिनीतून बाहेर येतो. खालची वाडी तुझी, खाडीच्या तोंडाशी, जिथे तो संपतो. संध्याकाळी दोन्ही वराती साकवापाशी आल्या. पोफळीच्या दोन खोडांचा तो साकव, त्यावरून एका वेळी एकच माणूस जायचा. तू वर निघालीस, मी खाली. मुंडावळ्यांतून एकमेकींकडे बघितलं आणि तू पहिलं वाक्य बोललीस ते हे: "बग हां, खाली चिकल आसा, पाय दाबून टाक." मी म्हटलं, "वर कातळ आसा. अनवाणी चलू नको." आपण एकमेकींना आपापलं माहेर दिलं ते असं. रडायचं राहूनच गेलं. ते नंतर, आपापल्या जागी जाऊन, यथेच्छ केलं.

परक्या माणसाला आपला व्हाळ दाखवला तर तो म्हणेल, ह्याला काय ओढा म्हणायचं? न्याहारी करून निघावं आणि परत भूक लागायच्या आत तो संपतो. पण मला तो सगळा ठाऊक होता असं मला वाटायचं. पावसात सडा नुसता भिजत नाही, पितो. काळा सपाट कातळ, त्यावर कुठे झाड नाही, माती नाही. पण त्याच्या पोटात पाणी शिरतं ते मग दिवाळीनंतर सड्याखालच्या राईत सातविणीच्या मुळातून बाहेर येतं. ते पाणी इतकं गार की दात शिवशिवतात. तिथून कोंडीत पडतं, कोंड भरली की वाकणावरून वळतं, साकवाखालून जातं, देवळाला वळसा घालतं आणि मळ्यात उतरतं. मळ्याच्या पुढे काय होतं ते मी लग्नापर्यंत कधी बघितलंच नव्हतं. पोरीच्या जातीला खाली काय काम?

तर लग्नानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी मळ्याच्या टोकाला भांडी घासायला बसले होते. वाटी हातातून सुटली. मी उठून व्हाळाच्या उतारानं धावले, पुढे जाऊन धरू म्हणून. वाटी येईचना. मागे वळून बघते तो वाटी उलटी, चढावाकडे, माझ्या माहेराच्या दिशेनं तरंगत चाललेली! भरती आली होती. खाडीचं पाणी व्हाळात शिरून वर चढत होतं. मला वाटलं, काहीतरी अभद्र झालं. पदर तोंडाला लावून रडत घरी आले. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. आणि मग मला वाईट नाही, हेवा वाटला. वाटीला माहेरी जायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. तुझं वरचं दुःख वेगळंच होतं. "रात्री दर्याचो आवाज येयत नाय गो," म्हणालीस. "कान रिते लागतत. घराक कोणी झाकण घातलासा वाटता." आबाला तू कातळावर कान लावून झोपायला सांगितलंस, आत पाणी वाजतं का बघ म्हणून. बिचाऱ्यानं लावलासुद्धा. माझ्या भावाला वेडं करायला तुला महिना पुरला.

आणि आपल्या वादांचं काय सांगू? तू पहिलं वाकण म्हणायचीस ते माझं शेवटचं असायचं. तू खाडीकडून मोजायचीस, मी झऱ्याकडून. "पहिल्या वाकणार खेकडे गावतत," असं तू म्हणालीस म्हणून मी एकदा राईपर्यंत तंगडतोड करून गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. मी म्हणायची, अगं, उगम तिकडे, मग मोजायचं तिकडूनच. तू म्हणायचीस, "होडी खयसून येता? खाल्सून. मगे व्हाळ पन खाल्सूनच." हा वाद कधीच मिटला नाही. आता तर मिटायचाच नाही, कारण खालून मोजणारं कुणी उरलं नाही. मीच कधीकधी मनात तसं मोजून बघते.

वर्षातली आपली खरी भेट म्हणजे कळशीची. पावसाळा सरला की वायंगणासाठी, म्हणजे आपल्या उन्हाळी भातासाठी, व्हाळाला दोन बांध घालायचे: एक खालच्या वाडीनं खाडीच्या तोंडाशी, एक वरच्या वाडीनं कोंडीखाली. दगड, चिखल, झाडांचे टाळे, पेंढा, सगळी वाडी मिळून. दर वर्षी घालायचे आणि दर वर्षी पावसानं न्यायचे. पण नेम असा की आधी खालचा बांध भरायचा. खाली गोडं पाणी उभं राहिलं की ते खाऱ्या पाण्याला दारात अडवून धरतं. ते भरायच्या आधी वर कुणी पाणी अडवलं तर भरती मळ्यात शिरते आणि जमीन खारते. म्हणून खालचं पाणी बांधाकाठच्या उंबराच्या मुळाला लागलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं, त्या पाण्याची एक कळशी भरायची आणि वरच्या वाडीची जी लेक खाली दिलेली असेल तिनं ती काखेत घेऊन चढून जायचं आणि झऱ्यात ओतायची. आमचं भरलं, आता तुम्ही घ्या, असा त्याचा अर्थ. ती कळशी ओतल्याशिवाय वरच्या बांधाला पहिला दगड लागत नसे. माझ्या आधी हा मान एका म्हाताऱ्या आतेचा होता. तिच्यामागे तो माझ्याकडे आला.

मला त्या मानाचं काही नव्हतं, माहेर मिळायचं त्याचं होतं. तू राईच्या तोंडाशी तांब्या घेऊन उभी असायचीस. माझे पाय धुवायचीस, कुंकू लावायचीस आणि कळशीला हात लावून आधी एक घोट चाखायचीस. तसा काही रिवाज नव्हता. "म्हायारचा पाणी," म्हणायचीस आणि तोंड पुसायचीस. माझ्या माहेरात उभी राहून तू तुझं माहेर प्यायचीस. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

मग ते वर्ष आलं, गोवा सुटला त्या सुमाराचं. हस्ताचा पाऊस पडलाच नाही. व्हाळ दिवाळीतच बारीक झाला. आम्ही खाली बांध घातला, पण पाणी अर्ध्यावर येऊन थांबलं. उंबराचं मूळ कोरडंच. दिवस चालले. वरच्या वाडीत भातरोपांचा तरवा पेरून बसले होते, तो पाण्यावाचून पिवळा पडायला लागला. वरून निरोप यायचे, कळशी कधी? इकडून उत्तर जायचं, भरली की. दोन्ही वाड्यांची माणसं देवळात एकमेकांना ओलांडून जाऊ लागली. मी आणि तू, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशा. मला इथे कुणी आपलं म्हणेना, तुला तिथे कुणी.

एका सकाळी तू रिकामी कळशी घेऊन खळ्यात येऊन उभी राहिलीस. तुझे दादा सुंभ वळत बसले होते. मी दारात. बसायला सांगितलं तर बसली नाहीस.

"दादा, कळशी व्हयी."

"बांद भरूक नाय."

"अर्धो भरलो."

"अर्ध्याक कळशी जायत नाय. बापाशीन असा कदी केल्यान?"

"मगे अर्धीच दी. अर्ध्या कळशेक आमी अर्धो बांद घालतंव. उरलेला पाणी खाली सोडतंव. तरवो तरी वाचात."

दादांच्या हातातला सुंभ थांबला. "तू ह्या घरात वाडलंस. वर आडवल्यार हय खारा चडता, ह्या मिया तुका सांगूचा?"

"ठावक आसा. म्हणान तर अर्धो म्हनतंय. थय पोरा आसत, दादा. वर्साचा भात आसा."

मी दारातून म्हटलं, "द्येवा. ती मागता तर द्येवा."

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुजा म्हायार ता. तू तसाच बोलतलंस." मग तुझ्याकडे बघून, "आनी तू आता थयची. तू पन तसाच बोलतलंस."

तू हसलीस. रडण्यापेक्षा वाईट हसू होतं ते. म्हणालीस, "म्हंजे आमी दोगी खंयच्याच नाय."

आणि तू सरळ बांधावर गेलीस. मळ्यातली सगळी माणसं कुदळी टेकून बघत राहिली. तू गुडघाभर पाण्यात उतरलीस, कळशी बुडवलीस, वर काढलीस, तिरपी करून अर्धं पाणी परत बांधात ओतलंस आणि सगळ्यांना दिसेल अशी ती धरलीस. बघा, अर्धीच आहे. मग काखेत घेतलीस आणि निघालीस. खालच्या वाडीच्या लेकीनं कळशी वर न्यायची, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. लेक पाणी घेऊन माहेरी येते. माहेराचं पाणी तोडून नेत नाही. दादा खळ्याच्या कडेला आले आणि ओरडले, "ही कळशी घेवन गेलंस तर ह्या दारात पाणी प्यूक येव नको!"

तू मागे वळली नाहीस. "बरा," म्हणालीस.

एवढंच. वैनी, तू काहीतरी शिवी दिली असतीस, हातातली कळशी आपटली असतीस, तर ते भांडण झालं असतं आणि भांडण मिटतं. आमच्याकडे कोण भांडत नाही? काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही म्हणतात. पण तू "बरा" म्हणालीस, आणि तू शब्दाची किती पक्की आहेस ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

वर तू सांगितलंस तसा अर्धाच बांध घातला. आबानं शपथेवर सांगितलं, मी डोळ्यांनी बघून आले. तरी खाली यायचं पाणी कमी झालंच. पौर्णिमेच्या भरतीला खारं पाणी आमच्या सगळ्यांत खालच्या भाताच्या कुणग्यात चढलं. ओहोटीला उतरलं आणि मागे पांढरी साय ठेवून गेलं. रोपं टोकाकडून जळत आली. दादांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. वरचा बांध अर्धा होता की पूर्ण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगायला गेले तर उठून गेले.

मला राग आला नाही असं समजू नकोस. तो कुणगा मी लावला होता, माझी कंबर त्यात गेली होती. साकवावर तुला गाठलं आणि तोंड सोडलं. "तुजा भात पिकला आनी माजा जळला!" म्हटलं. तू म्हणालीस, "पिकला ता तुज्याच भावाचा मा?" मी म्हटलं, "आनी जळला ता तुज्याच भावाचा!" मग दोघींनी खाली बघितलं. साकवाखालून तेवढंसं पाणी चाललं होतं, कुणाचं म्हणावं ते कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. तू माझ्या गळ्यात पडलीस की मी तुझ्या, ते मला आठवत नाही. साकव हलला तेवढं आठवतं, आणि तू ओरडलीस, "अगो पडतलंव!"

तुझं एक म्हणणं होतं, तेही सांगून टाकते. त्या उन्हाळ्यात आमची विहीर खारली नाही. एरवी वैशाख लागला की पाण्याला चव यायची, चहा फाटायचा. त्या वर्षी मिरगापर्यंत गोड. तू म्हणालीस, "वर आडलेला पाणी खंय जायत गो? भुंयतच मुरता. आनी मुराक लागला की सावकाश तुमच्याकडेच येता." मी म्हटलं, योगायोग. तू म्हणालीस, "बरा, योगायोग." मग पुढच्या वर्षी वरच्या वाडीनं बांध जरा उंच घातला आणि विहीर पुन्हा गोड राहिली, तेव्हा मी तुला तसा निरोप पाठवला होता. तो तुझा मान होता, मी दिला. तरीसुद्धा मी आजही म्हणते, बांध अर्धा असताना तू कळशी न्यायला नको होतीस. आणि मी तुझ्या जागी असते तर मीही नेली असती. हे दोन्ही खरं कसं, ते तू असतीस तर भांडून सांगितलं असतंस.

त्यानंतर तू साकवाच्या खाली कधी उतरली नाहीस. सासूबाई गेल्या तेव्हा तू अंत्यदर्शनाला आलीस ती साकवाच्या वर, मसणवटीच्या वाटेवर, घरात नाही. चवथीला तुझी ओटी मी साकवावर आणून भरायची. शिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेत एकदा तुम्ही दोघं बहीणभाऊ वाळूत पाच हातांवर उभे होतात. ते दर्याकडे बघत होते, तू देवळाकडे. मी मधे उभी राहून दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या, देवाच्या दारात.

कळशी मात्र दर वर्षी गेली. मी नेली. तू पाय धुवायचीस, घोट चाखायचीस, तोंड पुसायचीस. मग विचारायचीस, "दादा कसो आसा?" "बरे आसत." "खोकता?" "खोकतत." संपलं. आणि मी घरी परतले की तुझे दादा उगाच चुलीभोवती घोटाळायचे. लाकूड सरळ कर, पाट हलव. विचारायचे काही नाहीत. मग मी मांजराला सांगितल्यासारखं मोठ्यानं सांगायची: वैनीचा गुडघा दुखतो, वैनीनं काजूची रोपं लावली, वैनीला नातू झाला. आपल्या घरातल्या मांजराला तुझं सगळं माहीत होतं. सगळं ऐकून झालं की ते बाहेर जायचे.

या पावसाळ्यात तू अंथरूण धरलंस. मी भेटायला आले तेव्हा तू एवढीशी झाली होतीस. जेवण जात नव्हतं. मी विचारलं, काय खावंसं वाटतं? तू म्हणालीस, "तिसऱ्यो. आमच्या खाडीतल्यो." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी खाडी आमचीच! घरी येऊन मी रिवाजाप्रमाणे मांजराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला हे खोरं घेऊन चिखलात उतरले. एवढा दमा असलेला माणूस. परत आले आणि ओली पिशवी उंबरठ्यात ठेवून आंघोळीला गेले.

मी त्या वर नेल्या, नुसत्या मीठ-हळदीत शिजवून वाटीत घातल्या. तू एक शिंपला उचललास आणि बघत राहिलीस. "दादान काडल्यान," म्हणालीस.

"तुका कसा कळला?"

"सगळे मोटे आसत. तो बारके परत चिकलात सोडता. ल्हानपनी मिया बारके पिशयेत टाकूचंय, तो काडून परत टाकूचो. तेच्यावरून माका मार पन गावलो हा."

तू दोनच खाल्ल्यास. रस्सा मात्र वाटी तिरपी करून प्यायलीस, शेवटच्या थेंबापर्यंत. मग म्हणालीस, "त्या दाराचा पाणी नाय पिलंय मिया. ह्या खाडीचा. सांग तेका." तुझी चेष्टा करायची खोड शेवटपर्यंत गेली नाही. मी घरी आले आणि त्या दिवशी मांजराला नाही, त्यांनाच तोंडावर सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबाचा माणूस निरोप घेऊन आला.

तुला खांदा द्यायला ते होते. मग दहाव्याचं तुला सांगितलंच.

आणि आता कालचं सांगते. कालचंच सांगायला खरं तर बसले, पण तू म्हणतेस तसं माझं बोलणं झऱ्यापासून सुरू होतं.

यंदा पाऊस चांगला झाला. बांध घातला आणि पाणी चढत चढत काल उंबराच्या मुळाला लागलं. वाडी जमली. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घरचा, म्हणून तुझे दादा नारळ घेऊन बांधावर उभे राहिले. मी बायकांत, रिकामी कळशी घेऊन. नेहमीप्रमाणे सुरू झालं. बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा एक मनान एकठय जमली हत. होय म्हाराजा! ह्या बांदाक रक्षण कर, खाऱ्याक खाडयेत ठेव, गोड्याक मळ्यात ठेव. होय म्हाराजा! गुराढोरांचो, पोराबाळांचो सांबाळ कर. होय म्हाराजा!

इथे संपतं. नारळ ठेवायचा असतो. ते ठेवेनात. दमा लागल्यासारखे थांबले आणि मग म्हणाले, "आनी म्हाराजा, ह्या पाण्याची एक माहेरवाशीण होती. माज्या तोंडान मिया तिचा पाणी तोडलंय. तो सबद मिया आज तुज्या पायाशी मागे घेतंय. ती आसात थय तिका ह्या दाराचा पाणी पावंदे."

कुणी होय म्हणालं नाही. म्हणायची इच्छा नव्हती असं नाही. गाऱ्हाण्यात असलं काही येत नाही, त्यामुळे कुणाला सुचलं नाही. त्यांनी नारळ ठेवला, माझ्याकडे आले आणि माझ्या हातातली कळशी घेतली. पुरुष कळशीला हात लावत नाहीत. ते पाण्यात उतरले, कळशी बुडवली, वर काढली आणि तिरपी करून अर्धं पाणी बांधात परत ओतलं. तू ओतलं होतंस तसंच.

वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "अरे, अर्धी कित्या? यंदा बांद भरलो मा!"

दादा म्हणाले, "अर्धी तिना आदीच न्हेल्यान हा."

मग तो म्हातारा हळूच म्हणाला, "होय म्हाराजा." मग सगळे म्हणाले. बायका कधी म्हणत नाहीत. काल मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं.

कळशी माझ्या काखेत देऊन ते माझ्या मागून चालत आले. देवळावरून, साकवावरून, वाकणावरून. तू पहिलं म्हणायचीस ते वाकण की मी म्हणायची ते, जाऊ दे. राईच्या तोंडाशी पाय धुवायला कुणी नव्हतं. आबा तांब्या घेऊन उभा होता, पण त्याला काही सुधरेना, म्हणून पाय मीच धुतले. तुझ्यासारखा एक घोट चाखला. मग दादांनी कळशीला खालून हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून ती झऱ्यात ओतली.

भरली गो तुझी कळशी, वैनी.